किटली आणि पळी

“पण सैन्यातल्या हेलिकॉप्टरांना कोलांटी जमते, मग आपल्याला का नाही?”

इंद्रनीलने पुन्हा तेच विचारलं. घारपुरे सर शांतपणे चहा गाळत होते.

एके काळी सैन्याच्या कसरतींत सरांनी हेलिकॉप्टरच्या कोलांट्या मारल्या होत्या. आता माळावरच्या धावपट्टीशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये बसून ते पोरांना हेलिकॉप्टर सरळ उडवायला शिकवत. इंद्रनील त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. म्हातारा हातचं राखून शिकवतो, असा त्याला दाट संशय होता.

संशय आज सरांनाही होता.

इथली रीत अशी, की उड्डाणाआधी प्रत्येकानं वर चढून पात्यांखालच्या दांड्यावरून तळहात फिरवायचा. त्याला सगळे ‘मानेला हात लावणं’ म्हणत. आज इंद्रनील यंत्राकडे फिरकलाच नाही. अंग दुखतंय म्हणाला आणि आपला नंबर बरोबर शिकणाऱ्या शाल्मलीला देऊन टाकला. नंबर सोडणारा हा प्राणी नव्हे.

“बघ.” सरांनी कडीत बोट घालून किटली उचलली. “हे आपलं यंत्र. वर बिजागरीवर दोन पाती डुलतात, खाली आपण लटकलेले. वजन आहे तोवर किटली बोटाचं ऐकते.”

त्यांनी हात झटकन खाली नेला. किटली क्षणभर अधांतरी राहिली, कडी सैल पडली, झाकण खडखडलं. थोडा चहा टेबलावर सांडला.

“त्या क्षणी बोट कुठंही वळव, किटली वळणार नाही.”

मग त्यांनी पळी मुठीत घट्ट धरली आणि हवेत गर्रकन उलटी फिरवली.

“ही कोलांटीवाली. पाती मधल्या गड्ड्यात घट्ट बसवलेली, बिजागरी नाही. वजन असो नसो, मूठ वळली की ही वळते.”

“एवढंच?”

“एवढंच. आता तू सांग. हवेत असताना आपल्या यंत्राचं नाक एकदम खाली दाबलं तर?”

“वजन जाईल. पाती कलतील, धड मागं राहील... गड्डा दांड्यावर आपटेल.”

“आवाज कसा येतो?”

“ठक्कन.”

सर त्याच्याकडे बघत राहिले.

“पुस्तकात हे लिहिलेलं नाही.”

“ऐकलंय... कुठंतरी.”

बाहेर शाल्मली यंत्रात चढली. तिनं कानांवर हेडफोन चढवले, दार ओढून घेतलं.

“निघाली,” सर म्हणाले. “जाऊ दे ना तिला?”

इंद्रनील खुर्चीतून अर्धवट उठला.

“इंद्रनील, जाऊ दे ना?”

“नको! थांबवा तिला!”

खुर्ची मागं पडली. तो दारापर्यंत धावला आणि चौकट धरून वळला.

“काल एकटा उडत होतो. कोलांटी साधते का बघायचं होतं, म्हणून नाक दाबलं. दांड्यावर ओरखडा आलाय. तो असाच तुटू शकतो, सर. तुम्ही मला हाकलून द्याल म्हणून... म्हणून बोललो नाही.”

सरांनी खिशातून यंत्राची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

“सकाळीच मी मानेला हात लावला. तिला नुसतं आत बसून सराव करायला सांगितलंय.”

“म्हणजे तुम्ही मला जाळ्यात...”

आधी त्याला राग आला, मग लाज वाटली. ती मात्र गेली नाही. त्यानं खुर्ची उचलून सरळ केली, पण तो बसला नाही.

“आता काढून टाकणार मला?”

सरांनी सांडलेला चहा फडक्यानं पुसला. मग त्याचा हात ओढून घेतला, किल्ली तळव्यावर ठेवली आणि त्याची मूठ मिटली.

“दांडा नवा बसेपर्यंत कुणी उडणार नाही. त्यानंतरही किल्ली तुझ्याकडेच राहील. मला उडायचं असेल तेव्हा मी तुला विचारीन.”