सागवनातली किलबिल

राजाला वाढदिवशी पहाटे पक्ष्यांच्या किलबिलाटात फेरफटका मारायचा होता, आणि पक्षी काही केल्या येईनात. तेही कुठं, तर त्यानं एवढ्या हौसेनं लावलेल्या सागवनात! आंबा, मोह, उंबर, सगळं तोडून डोंगरभर नुसता साग उभा केलेला, सुतानं आखल्यासारखा. एवढं करूनही पक्ष्यांचे नखरे आहेतच, आता बोला!

राजा भडकला. "खालच्या वाडीची देवराई तेवढी उरलीय. मेले सगळे तिथंच जाऊन बसतात. उद्या पहाटे माझ्या जंगलात किलबिल झाली नाही, तर ती राई तोडा आणि तिथंही साग लावा!"

वाडीत रडारड सुरू झाली. राईत मध, राईत हिरडा, ओढ्याला पाणीही राईचंच; ती गेली तर जगायचं कशावर? बुधीही तिथलीच, हिरडा वेचून जगणारी. पण ती रडत बसली नाही, तडक दरबारात गेली.

"पक्षी आणते, महाराज. फक्त तुमचा दरबार माझ्या हाताखाली द्या."

"तो कशाला?"

"साग लावायचा सल्ला यांचाच ना? मग पक्षी कसे बसवायचे तेही यांनीच निस्तरावं."

राजाला गंमत वाटली. "दिला."

पहाटे बुधीनं शिड्या लावून अख्खा दरबार सागावर चढवला. तिथंही मानपान सुटेना. "सेनापतींच्या खालच्या फांदीवर मी बसणार नाही," म्हणून दिवाण अडून बसले. राजपुरोहितांनी पूर्वेकडची फांदी बळकावली. खजिनदारांना तिघांनी खालून रेटा दिला, तेव्हा कुठं ते वर पोचले.

राजा आला. वरून कुहूकुहू झालं, घूंघूं झालं. सेनापतींना कोंबड्याशिवाय काही जमत नव्हतं, ते बिचारे आरवले.

राजानं मान वर केली. "बुधे, हे पक्षी? अगं, हा माझा दिवाण आहे!"

"असेल, महाराज. पण ओळीनं नुसता साग लावला, त्याला तुम्ही जंगल म्हणता. मग फांदीवर बसून ओरडणाऱ्याला मी पक्षी म्हटलं, तर बिघडलं कुठं?"

तेवढ्यात वरून दिवाण कळवळले, "उतरवा हो महाराज! पोटात कावळे ओरडतायत, आणि इथं खायला एक फळ नाही."

बुधी म्हणाली, "खरे पक्षीही हेच म्हणून उडून गेले."

राजा पोट धरधरून हसला. त्यानं देवराई कायमची वाडीला देऊन टाकली, बुधीच्या हातात सोन्याचं कडं घातलं आणि सागाच्या ओळी मोडून मधे आंबा, मोह, उंबर लावायचा हुकूम सोडला.

"खड्डे कोण खणणार, महाराज?" बुधीनं विचारलं.

राजानं डोळे पुसत वर पाहिलं. "पक्षी उतरवा खाली, आणि प्रत्येकाच्या हातात कुदळ द्या."