बांधातलं बीळ

डोंगराच्या पायथ्याशी ओढा जिथे वळण घेतो, तिथल्या रानात एक साळू राहत असे. साळू म्हटली की तुम्हाला तिचे काटेच आठवणार. पण बाळांनो, हिच्या काट्यांपेक्षा हिची जिद्द मोठी! रानातले बाकीचे प्राणी मिळेल ते खाऊन दिवस ढकलत, आणि ही बाई मात्र नखांनी माती उकरून, बांध घालून, चक्क भाताचं खाचर पिकवत असे. पदरात तीन पिल्लं होती. वर्षभर ती त्याच भातावर जगत.

आता भाताचं सगळं पाण्यावर असतं. ओढ्याचं पाणी खाचरात किती घ्यायचं, कधी अडवायचं, कुठून सोडून द्यायचं, हे सांभाळण्याला दारं धरणं म्हणतात, आणि ते काही कुणाही सोम्यागोम्याला जमत नाही. साळूला उकरणं छान यायचं, पाण्याची नाडी मात्र कळायची नाही. म्हणून तिने ओढ्यातला एक खेकडा रोजच्या उंबरांच्या बोलीवर कामाला आणला. खेकडा मोठा कसबी. एका नांगीने चिखल काढायचा, दुसरीने थापायचा, आणि पाणी निमूट त्याचं ऐकायचं! बांधातच एक बीळ करून तो तीन महिने इमानाने राबला. त्या वर्षी लोंब्या अशा भरल्या की त्यांना ताठ उभंही राहवेना.

कापणी झाली. साळूच्या आईची शिकवण होती, की कापणीच्या दुसऱ्या दिवशी सगळा बांध लिंपून गुळगुळीत करायचा, एक म्हणून भोक ठेवायचं नाही. साळूने तेच केलं. खेकडा ओढ्यावर जाऊन आला, तो घराचं दार बंद! तो आला तसा तिरका तिरका निघून गेला. साळूला त्याचं काहीच वाटलं नाही. "जाईना का! असे छप्पन मिळतील," ती म्हणाली.

मिळाले की! पुढच्या वर्षी बेडूक आला. "अहो, पाण्यातच जन्म गेलाय आपला!" अशी त्याची फुशारकी. दिवसभर डराव डराव चालायचं, आणि पाणी आलं कधी नि गेलं कधी, पत्ता नाही. भात उभ्या उभ्या करपलं. त्याच्या पुढच्या वर्षी घूस आली. तिला उकरायचा उत्साह दांडगा, पण कुठे थांबायचं ते ठाऊक नाही. तिने बांधच पोखरला, आणि ऐन दाणा भरायच्या वेळी तो खाली बसला. झालं! दोन पिकं गेली. आणि त्या रानाचा कायदा असा होता, की लागोपाठ तीन पिकं बुडाली तर ती जमीन रानडुकराच्या लोळणीला जायची.

रानडुक्कर रोज बांधावर येऊन बसू लागलं. "काय साळूबाई, यंदा लोळायला येऊ ना?" ते विचारायचं. साळूच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहायचा. "जीव गेला तरी खाचर देणार नाही!" ती म्हणाली. तिने पिकल्या उंबरांचा घोस तोंडात धरला आणि ओढ्याच्या काठाकाठाने जुन्या खेकड्याला शोधत निघाली. दोन दिवस चालली तेव्हा कुठे एका खडकाखाली तो सापडला.

"अरे खेकड्या, चल कामाला. ही घे उंबरं. रोज दुप्पट देईन," साळू म्हणाली.

"पोटाला ओढ्यात भरपूर आहे, साळूताई."

"बरं, तिप्पट!"

खेकड्याने डोळे आत ओढून घेतले. "कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी! पीक घरात येईपर्यंत खेकडा हवा, आणि कणगी भरली की त्याच्या दाराला चिखल. तीन महिने राबलो मी. तुमचा बांध कुठे मऊ, कुठे घट्ट, सगळं पाठ झालं होतं. ते शिकलेलं मी दुसरीकडे कुठे वापरणार होतो?"

"अरे, पण बांधाला भोक म्हणजे बांध फुटणार! माझी आई सांगायची."

"आईचं खरंच आहे. परक्याच्या भोकाने बांध फुटतो. पण ज्याचं घरच बांधात आहे, तो बांध फुटू देईल का?"

साळूला राग आला. खरं सांगायचं तर खेकड्याचा नाही, स्वतःचाच. दोन वर्षं ती नवा गडी शोधत रानभर वणवण फिरली, आणि हाताशी होता तो गडी तिने स्वतःच लिंपून बाहेर काढला होता. "खेकडेदादा," ती म्हणाली, "चुकले मी. बीळ कुठे करायचं ते तुम्हीच ठरवा. बारा महिने ते तुमचं. बायकापोरांना घेऊन या."

मग काय, सगळं बिऱ्हाड आलं! खेकडा, खेकडीण आणि आठ पोरं. खेकड्याने जागा निवडली ती जांभळीच्या मुळांशी, बांध सगळ्यात घट्ट होता तिथे. ते बीळ दिसलं की साळूचे हात शिवशिवायचे. "बुजवून टाक, बुजवून टाक," असं आईच्या आवाजात ऐकू यायचं. पण दिलेला शब्द तो शब्द.

लोंब्यांत दाणा भरत आला आणि हस्ताचा पाऊस कोसळला. ओढा फुगला. रानडुक्कर धावतच आलं. "आज बसतो बघ तुझा बांध!" ते खूश होऊन म्हणालं. साळूने बांध बघितला. तो तर ठणठणीत दिसत होता. तेवढ्यात खेकडा भराभर बाहेर आला. "साळूताई, माझ्या घराच्या तळाला ओल आलीय! पाणी आतून मुरतंय. बाहेर दिसेपर्यंत फार उशीर होईल. तुम्ही खालच्या कोपऱ्यातून ओढ्याकडे चर काढा, आतलं आम्ही बघतो!"

एरवी साळू म्हणाली असती, "मला शिकवतोस?" पण आता तिने एका शब्दानेही विचारलं नाही. ती उकरत सुटली. दोन नखं मोडली, तरी थांबली नाही. इकडे दहा खेकड्यांच्या वीस नांग्या बांधाच्या पोटात चिखल थापत होत्या. संध्याकाळी खाचरातलं जास्तीचं पाणी चरातून निघून गेलं आणि बांध उभा राहिला. रानडुक्कर फुरफुरत आल्या वाटेने परत गेलं.

कापणी झाली. दुसऱ्या दिवशी साळूने चिखल मळला आणि रिवाजाप्रमाणे बांध लिंपायला घेतला. रानडुक्कर पलीकडून बघत होतं. "साळूबाई, एक भोक राहिलं की!"

"राहिलं नाही, राखलंय," साळू म्हणाली. आणि तिने त्या बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीचा छानसा उंबरठा घातला.

पुढच्या वर्षी तिला गडी शोधत फिरावंच लागलं नाही. ती खाचरावर पोचली तेव्हा खेकड्याची पोरं आधीच पाटावर हजर होती, आणि आज दारं कोणी धरायची यावरून त्यांचं भांडण जुंपलं होतं.

तात्पर्य : कसबी गडी बोलावून आणता येतो, पण टिकतो तो तिथेच, जिथे काम संपल्यावरही त्याच्या घराचं दार उघडं असतं.