बाकोबाचे गुण

मी घसा कोरडा करून सांगत होते की माझ्या वैजूची भूमिती बरोबर आहे, पण चौथी शिकलेल्या बाईवर विश्वास कोण ठेवणार? नववीत नापास झाली तर पोरीची शाळा बंद, असं नवऱ्याने ठरवूनच टाकलं होतं. मग मी तिला घेऊन थेट मुख्याध्यापिका मोघेबाईंच्या खोलीत गेले.

त्यांनी गणिताच्या खांडबहाले सरांना बोलावलं. सर म्हणाले, "सिद्धतेत 'बाजू-कोन-बाजू कसोटी' लिहायचं सोडून हिने नुसतं 'बाकोबा' लिहिलंय. 'म्हणून'च्या जागी तीन ठिपके. रांगोळी काढायला बसली होती का? अर्धा शब्द म्हणजे अर्धा अर्थ. गुण मिळणार नाहीत."

मी म्हटलं, "सर, तुमच्या लेकीची लग्नपत्रिका आली आमच्याकडे. नावाआधी 'चि. सौ. कां.' छापलंय. मग आशीर्वादही अर्धाच देऊ का?"

मोघेबाईंनी तोंडाला पदर लावला.

"ते सगळ्यांना समजतं," सर म्हणाले.

"बाकोबाही वर्गाला समजतं. फळ्यावर कोण लिहितं, विचारा."

वैजू हळूच म्हणाली, "सरच लिहितात."

मोघेबाईंनी पेपर सरांपुढे सरकवला. गुण वाढले, वैजू पास झाली. 'तपासणाऱ्याची चूक' असा शेराही लिहावा लागला, आणि त्याखाली सरांनी 'त्र्यं. वि. खां.' अशी सही ठोकली.

मी पेपर परत त्यांच्यापुढे ठेवला. "अर्धा शब्द चालत नाही ना, सर? सगळं लिहा."

दातओठ खात त्यांनी लिहिलं, त्र्यंबक विश्वंभर खांडबहाले.