वळणावरची कटकट

गाडी वळवताना पुढच्या चाकातून कटकट असा आवाज यायला लागला, तर तुम्ही काय कराल?

दिगंबरने वळायची रीत बदलली.

दिगंबर हा डोंगरावरच्या मठात आक्कांचा शिष्य. मठाची जुनी गाडी तोच चालवायचा. दुसऱ्या दिवशी त्याला वाडीतल्या चार म्हाताऱ्यांना घाट उतरून तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख बऱ्याच खेपांनंतर मिळाली होती. ती चुकवून चालणार नव्हतं.

संध्याकाळी आक्का औदुंबराच्या पारावर बसल्या होत्या. वय झालेलं, कानांनी कमी ऐकू यायचं.

"मिस्त्री काय म्हणाला रे?"

"चाकाजवळचा जॉइंट झिजलाय म्हणतो. वरचं रबर फाटलं, आतलं ग्रीस गेलं, धूळ शिरली. वेळेवर आला असतात तर नुसत्या रबरावर भागलं असतं, आता अख्खा जॉइंट बदला, म्हणाला."

"मग?"

"बदलू की. घाई नाही. आता आवाजच येत नाही, आक्का."

"आपोआप बरा झाला?"

दिगंबर हसला. "त्याला हात बसलेला लागतो. मी वळण मोठं घेतो, स्टेअरिंग थोडंच फिरवतो. मागे बसलेल्याला पत्तासुद्धा लागत नाही."

आक्का उठल्या. चपला तिथेच राहू दिल्या आणि अनवाणी जाऊन गाडीत बसल्या.

"चल, औदुंबराला प्रदक्षिणा घालू."

"गाडीतून?"

"माझे गुडघे दुखतात."

दिगंबरने गाडी सुरू केली. फाटकापर्यंत नेली, गोठ्यामागून फिरवली, अलगद परत आणली. कसलाही आवाज नाही. त्याने आक्कांकडे पाहिलं.

"ही मठाला झाली," आक्का म्हणाल्या. "मी औदुंबराला म्हणाले होते. पाराला लागून घे."

दिगंबर जरा थांबला... मग त्याने स्टेअरिंग पूर्ण वळवलं.

कट. कट. कटकट, कटकट...

आक्का समोर बघत होत्या. त्यांना ऐकू आलं नसावं, असं त्याला वाटलं.

"बोलतोय की," आक्का म्हणाल्या.

"ऐकू आलं तुम्हाला?"

"तळपायांना आलं."

गाडी थांबली. औदुंबरावर पाखरांची किलबिल चालली होती.

"घाटात मोठं वळण घेतोस, म्हणजे गाडी कुठून जाते?"

"थोडी... पलीकडच्या बाजूने."

"तिकडून कोण येतं?"

"वर चढणाऱ्या गाड्या."

"आली एखादी, तर?"

"तर चटकन आत घ्यायची. पूर्ण वळवून... त्याच जॉइंटवर."

दिगंबरचे हात अजून स्टेअरिंगवरच होते. ते त्याने काढून मांडीवर ठेवले.

तो म्हणाला, "पण म्हाताऱ्यांची तारीख आहे. त्यांना दवाखान्यात जायचंय, आक्का."

"जायचंयच. तुझ्याच गाडीतून जायचंय, असं कोण म्हणालं?"

"...मीच म्हणालो होतो. त्या एसटीनेच निघाल्या होत्या. मी चालवली की धक्का बसत नाही, असं मी सांगितलं."

आक्का दार उघडून उतरल्या आणि चपला शोधू लागल्या. दिगंबरने धावत जाऊन त्या पायांपुढे ठेवल्या. तो तसाच वाकलेला राहिला.

"आक्का, जॉइंट बदलायची वेळ झाली, हे ओळखायचं कसं?"

"आवाज यायचा थांबला ना... त्या दिवशी झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी चारही म्हाताऱ्या एसटीत खिडक्या धरून बसल्या, त्यांची गाठोडी घेऊन दिगंबर मधल्या वाटेत उभा राहिला, आणि मठात औदुंबराखाली मिस्त्री गाडीचं पुढचं चाक काढत होता.