नऊ तोफा आणि दोन

अंतिम सामन्यात कोणी खेळायचं ते पंचांनी जाहीर केलं, आणि पाचच्या पाच सामने जिंकलेला तोफखान्याचा संघ त्यात नव्हताच.

आंबेगड संस्थानच्या महाराजांना फुटबॉलचं भारी वेड. त्यांच्या वाढदिवशी अंतिम सामना व्हायचा आणि जिंकेल त्या संघाला राजवाड्यामागचं हिरवंगार मैदान वर्षभर सरावाला मिळायचं. तोफखान्याची पोरं तोफांच्या छपरामागे खडीवर खेळायची. त्यांचा कप्तान हसन गोलंदाज, त्याच्या पायाला एक नख धड उरलं नव्हतं. रोज त्याला हळद-तेल लावून त्याची थोरली बहीण जैतून मेटाकुटीला आली होती. खरं सांगायचं तर मैदान तिलाच जास्त हवं होतं.

पंच म्हणजे दिवाणसाहेब आणि तीन सरदार. तंबूत सरबत पीत, बरेचदा मैदानाकडे पाठ करून, त्यांनी अख्खी स्पर्धा पाहिली. निवडले कोण, तर खासगी पागेचा संघ आणि सरदार क्लब. सरदार क्लब दोनदा हरला होता, त्यात एकदा तर तोफखान्याकडूनच! पण दिवाणसाहेबांकडे कारणांना तोटा नव्हता. सरदार क्लब हरला खरा, पण खानदानी हरला. त्यांच्या पायांत बूट होते. आणि तोफखान्यानं हरवलेले पाचही संघ दुबळेच असणार, नाहीतर हरले कशाला असते? त्या पाचांत सरदार क्लबही होता, तेवढं मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी जैतून दरबारात जाऊन उभी राहिली. अब्बांनी, म्हणजे सलामीच्या तोफांना बत्ती देणाऱ्या बाबालालनी, जाऊ नको म्हणून हात जोडले होते. तिनं ऐकलं नाही. पोरांचा खेळ न बघता त्यांचा नंबर लावला, हा कुठला न्याय, असं तिनं सरळ विचारलं.

महाराज हट्टी. पंचांनी ठरवलं की माणसानं मुकाट मान्य करावं, असं त्यांचं म्हणणं. बसल्या जागी लावलेल्या नंबरावर कुरकुर करणारा माणूस त्यांच्या मते रडका.

"तुला एक संधी देतो," ते म्हणाले. "न पाहता ज्याचा नंबर खाली लावला आणि ज्याची तक्रार मला स्वतःला मान्य करावी लागेल, असा एक माणूस माझ्यापुढं उभा कर. उद्या सलामी संपून मी खाली बसेपर्यंत. केलास तर तोफखाना खेळेल. नाहीतर तुझ्या बापाच्या हातातली बत्ती गेली."

दिवाणसाहेब मिशीत हसले. वीस वर्षांत महाराजांनी कुणाचीच तक्रार मान्य केली नव्हती.

जैतून तोफखान्यात परतली तेव्हा अब्बा तोफेची नळी पुसत होते. नोकरी जाणार हे ऐकून त्यांनी हातातलं फडकं टाकून दिलं. मग पुटपुटले, की सुटलो एकदाचा. दरसाल नववी तोफ वाजली की सरकार कान देऊन उभेच राहतात आणि असे बघतात, जणू उरलेल्या दोन मीच गिळल्या.

जैतून एकदम पुढं सरकली. "अब्बा, पुन्हा सांगा."

सकाळी सलामी सुरू झाली. जैतून पुढं येऊन उभी राहिली, एकटीच. आठ झाल्या. नववी वाजली, धूर विरला. महाराज तसेच उभे.

"कुठंय तुझा माणूस?" दिवाणसाहेबांनी खेकसून विचारलं.

तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सरकार, कशाची वाट बघताय?"

"कशाचीच नाही," महाराज चपापले.

"शेजारच्या तळगिरीच्या राजांना किती तोफा?"

महाराजांचा चेहरा लाल झाला. "अकरा!"

"त्यांनी आपल्याला लढाईत हरवलं असेल."

"हरवलं? माझ्या आजोबांनी त्यांना नदीपार पळवलं होतं! जोडे टाकून पळाले!"

"मग त्यांना अकरा आणि आपल्याला नऊ, हे ठरवलं कोणी?"

"कलकत्त्यात बसलेल्या चार गोऱ्या साहेबांनी. आंबेगड कुठं आहे हे तरी ठाऊक होतं का मेल्यांना! न बघता, न विचारता संस्थानांच्या मानाच्या तोफांची यादी करून टाकली. हा काय न्याय झाला?"

"नाही झाला, सरकार," जैतून म्हणाली. "पण माझा माणूस सापडला."

महाराजांनी स्वतःकडेच बोट वळवलं. मग पोटातून हसू फुटलं, ते इतकं की पगडी तिरपी झाली आणि चवरी ढाळणारा चवरी विसरला.

"दिवाणजी," ते डोळे पुसत म्हणाले, "संध्याकाळी पागेविरुद्ध तोफखाना खेळेल. सरदार क्लबला तंबूत बसवा, खानदानी टाळ्या वाजवू देत. आणि पोरी, हरलात तर?"

"तर खेळून हरू, सरकार. त्याची कुरकुर करायला मी येणार नाही."

"माग, काय बक्षीस हवं तुला?"

जैतूननं थोडा विचार केला. "सामना शिट्टीनं नको. सुरू होताना एक तोफ, संपताना एक. बत्ती अब्बांच्याच हातात."

"एवढंच?"

"साहेबांच्या यादीत सलामीच्या तोफा मोजतात, सरकार. सामन्याच्या कोण मोजतंय?"

महाराजांनी बोटांवर मोजून बघितलं. नऊ, दहा... आणि राजवाडा दणाणेल असे पुन्हा हसले. गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून त्यांनी तिच्या ओंजळीत टाकला आणि बाबालालला ओरडून सांगितलं,

"दारू जरा जास्त भर रे! तळगिरीला ऐकू गेली पाहिजे!"