कारवी फुलली त्या दिवशी

"आता तरी मंत्र देनार का, म्हाराज?"

गणोजीने कारवीची निळीजांभळी फांदी हंसगिरी महाराजांच्या पायाशी ठेवली. हात जोडले होते, पण मान ताठ होती.

लाव्ह्याच्या काळ्या कातळात एक तळं आहे. वर कड्यावर महाराजांची खोप, आणि मधल्या उतारावर कारवीचं रान. कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते.

सात वर्षांपूर्वी गणोजी पहिल्यांदा आला, तेव्हा रान नुकतंच फुलून वाळलं होतं. महाराजांनी त्याला सांगितलं, घरी जा, संसार कर, पुन्हा कारवी फुलली की ये.

साधं सांगणं होतं. दुसरा कोणी असता तर पाया पडून घाट उतरला असता. पण गुरू 'घरी जा' म्हणतो तेव्हा तो परीक्षा पाहत असतो, असं गणोजीने कुठल्याशा कीर्तनात ऐकलं होतं. तो तिथेच राहिला, महाराजांची पडेल ती कामं करू लागला. घरी बायको गोदा होती, सहा महिन्यांची लेक होती.

अशा शहाण्यांचा मला राग येतो. कीवही येते.

एवढ्या वर्षांत काय पाहिलंस, असं महाराजांनी विचारलं.

गणोजी खुलला. कातळावर आधी तेरडा येतो, मग सोनकी. काटेसावर पानं टाकल्याशिवाय फुलत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला अंजनाच्या फांद्या निळ्या होतात. तळ्याभोवतीचं एक झाड त्याने सोडलं नाही.

"आनि घरचं?"

घरचंही त्याने सांगितलं. चौथ्या वर्षी भाऊ वर आला होता. गोदा अंथरुणाला खिळली होती, एकदा तोंड दाखव म्हणत होती. गणोजीने भावाला उतार दाखवला. कारवी नुसतीच हिरवी होती. फुलू दे, मग येतो, असं सांगून त्याने भावाला परत पाठवलं. माघात गोदा गेली. लेक भावाकडेच वाढतेय.

हे सगळं तो छाती काढून सांगत होता.

"बायकू गेली, तरी हाललो न्हाई. आनखी काय द्याचं ऱ्हायलं, म्हाराज?"

महाराजांनी फांदी उचलली आणि त्याच्या हातात परत दिली.

"घिऊन जा. लेकीला दे."

"आनि मंत्र?"

"मी तुला घरी जा म्हनलो हुतो."

"मला वाटलं, तुमी परीक्षा बघताय."

"न्हवतो बघत."

...

गणोजी खाली बसला. उतारावर मधमाश्यांचा आवाज चालला होता. तो गोदाचं तोंड आठवू लागला. कपाळ आठवलं, कुंकू आठवलं. तोंड काही केल्या आठवेना.

त्याला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

त्याने मान वर केली.

"मग सात वर्सांत एकदा तरी मला हाकललं का न्हाई?"

महाराजांना काहीही सांगता आलं असतं. ज्याचं त्याला कळायला हवं, प्रारब्ध होतं, असलं काहीतरी. गुरूंना अशा वेळी बरंच सुचतं, आणि शिष्य ते मानतातही.

महाराज खालच्या तळ्याकडे पाहत राहिले...

"तळ्याचं पानी वर आनाया माझ्यापाशी दुसरं कोन न्हवतं."