ढोणेबाईंचा पाठ

"मग त्या दिवशी तिला ऑफिसातच बसवून ठेवलं, तर काय बिघडतं गुरुजी?"

विचारणारा विश्वंभर खोत, गावच्या शाळेचा मुख्याध्यापक. समोर केरबा गुरुजी, ओसरीवर शेंगा फोडत बसलेले. विश्वंभर नवखा शिक्षक होता तेव्हा त्याच शाळेचे मुख्याध्यापक गुरुजीच होते.

परवा शाळेत आसपासच्या सगळ्या शाळांचे शिक्षक जमायचे होते. त्यांच्यापुढे आदर्श पाठ घेण्याचा मान दरवर्षी विश्वंभरचा. यंदा या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी परस्पर ढोणेबाईंचं नाव सांगितलं. बाई कालपरवा नोकरीला लागलेल्या! तेव्हापासून विश्वंभरच्या पोटात दुखत होतं.

"काय काम देणार तिला?"

"ऑनलाइन माहिती भरायचीय. तातडीची."

"खरंच तातडीची?"

विश्वंभर सांडलेली टरफलं गोळा करू लागला.

"शिकवते कशी?"

"चांगलं शिकवते, तेच तर! अक्षर न ओळखणारी पोरं धडे वाचायला लागली." त्याचा आवाज चढला. "पण वाचनाचे ते खेळ तिला दिले कुणी? मी! आणि गावात नाव कुणाचं? बाईंचं!"

गुरुजींनी मूठभर दाणे त्याच्या हातावर ठेवले. त्याने ते तोंडात टाकले नाहीत.

"तुझा पहिला आदर्श पाठ आठवतो?"

"न आठवायला काय झालं? अपूर्णांकांचा. भाकरी मोडून शिकवले होते. सगळे आले बघायला, तुम्ही तेवढे आला नाहीत. मला फार लागलं होतं ते, गुरुजी. अजून लागतं."

गुरुजींनी हातातली शेंग खाली ठेवली.

"शाळेतच होतो मी. मैदानात."

"मैदानात? काय करत होतात?"

"बाकीचे वर्ग घेऊन बसलो होतो. तुझ्या खोलीत पोरं खळखळून हसली, की माझा जळफळाट व्हायचा. भाकरी मोडायला तुला मीच सांगितलं होतं, विश्वंभरा. माझ्या वर्गात मात्र असं कधी कुणी हसलं नाही."

"म्हणजे तुम्हालासुद्धा...?"

"ऐकवत नव्हतं रे मला."

"मग उठून घरी का नाही गेलात?"

गुरुजींनी पुढची शेंग उचलली.

"गेलो असतो, तर तुझा पाठ होईपर्यंत बाकीच्या पोरांना गप्प कुणी बसवलं असतं?"